एकसष्टचं गणित आणि पयोष्णीकाठचं घराणं

६० या आकड्याला एखाद्या पूर्ण वर्गाने गुणायचं, त्यात १ मिळवायचा, आणि जे येईल तेही पूर्ण वर्गच असलं पाहिजे. पाढे पाठ असलेल्या पोराला हे कोडं घातलं तर ते थोड्या वेळात उत्तर काढेल: ४ चा वर्ग १६, सोळा साठे नऊशे साठ, त्यात एक, ९६१, आणि ९६१ म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ साठीही फार डोकं खाजवावं लागत नाही. ८ चा वर्ग ६४, त्याला ६२ ने गुणून ३९६८, एक मिळवून ३९६९, म्हणजे ६३ चा वर्ग. ६३ तर फुकटात सुटतो, कारण त्यात नुसता १ मिळवला की ८ चा वर्ग हजर.

मधला ६१ मात्र जिरवतो. ४ नाही, ८ नाही, शंभर नाही, हजार नाही, लाख नाही. ६१ चं सगळ्यात लहान उत्तर आहे २२६१५३९८०, म्हणजे बावीस कोटी एकसष्ट लाख त्रेपन्न हजार नऊशे ऐंशी. या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की १७६६३१९०४९ चा वर्ग मिळतो. त्याहून लहान एकही संख्या चालत नाही. (बावीस कोटींच्या मागोमाग लाखांच्या घरात पुन्हा ६१ येऊन बसले आहेत, तो मात्र निव्वळ योगायोग.)

हे कोडं भास्कराचार्यांचं. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘बीजगणित’ ग्रंथात ६७ आणि ६१ यांचा प्रश्न त्यांनी एकाच श्लोकात, मित्राला विचारावा तसा, विचारला आहे. ६७ चं उत्तर ५९६७ वर मिळून जातं. ६१ चं उत्तर काढायची रीत त्यांनी दिली, उत्तरही दिलं. पण ती रीत का चालते, हे सूत्रांत सांगत बसायची त्या काळी पद्धत नव्हती. ते काम टीकाकारांचं. आणि ‘बीजगणिता’चा सगळ्यात खोलात जाणारा टीकाकार निघाला तो वऱ्हाडातल्या घराण्यातला. त्याचं नाव कृष्ण दैवज्ञ.

वऱ्हाडात आज हे नाव फारसं कुणाच्या तोंडी नाही, हे सांगून टाकलेलं बरं.

अमरावतीहून परतवाड्याला निघालं की आसेगावला पूर्णा लागते, आणि अकोल्याहून अकोटला जाताना गांधीग्रामला तीच पूर्णा पुन्हा आडवी येते. बैतूलच्या डोंगरात उगम पावायचं, अमरावती, अकोला, बुलडाणा असं खारपाणपट्टा कापत पश्चिमेला जायचं आणि चांगदेवजवळ तापीला मिळायचं, असा तिचा रस्ता. जुन्या संस्कृत ग्रंथांतली पयोष्णी ती हीच, असं वऱ्हाडात मानतात. कृष्ण दैवज्ञांच्या घराण्यातली माणसं आपलं मूळ सांगताना विदर्भातल्या पयोष्णीकाठचं दधिग्राम, असा पत्ता देतात. दहीगाव, दहीहांडा अशी नावं या मुलखात आजही आहेत.

घराण्याची वंशावळ शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ या १८९६ च्या ग्रंथात लावून ठेवली आहे. मूळपुरुष चिंतामणी. त्यांचा मुलगा राम. विदर्भाचा राजा या रामाच्या शब्दाबाहेर नव्हता, अशी आठवण घराण्याने जपली. रामाचा त्रिमल्ल, त्रिमल्लाचा बल्लाळ. बल्लाळ दधिग्राम सोडून काशीला गेले. त्यांना पाच मुलगे: राम, कृष्ण, गोविंद, रंगनाथ आणि महादेव. यातल्या कृष्णाने ‘बीजगणिता’वर टीका लिहिली, रंगनाथाने ‘सूर्यसिद्धांता’वर. रंगनाथाचा मुलगा मुनीश्वर, ऊर्फ विश्वरूप, पुढे स्वतंत्र सिद्धांतग्रंथ लिहिण्यापर्यंत पोहोचला.

बल्लाळांनी गाव सोडलं तो सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध वऱ्हाडाला धड गेलेला नाही. १४९० पासून एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, इमादशाही होती. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती गिळली. बावीस वर्षांनी, १५९६ मध्ये, चांदबिबीने केलेल्या तहात वऱ्हाड मोगलांकडे गेलं. गाविलगड आणि नरनाळा यांच्या पायथ्याशी फौजांचा राबता सुरू झाला. काशीत मात्र त्याच काळात दक्षिणी पंडितांचं बस्तान बसत होतं. पैठणच्या घराण्यातले नारायणभट्ट तिथल्या विद्वानांचे अध्वर्यू होते. गोदाकाठचे, पूर्णाकाठचे, नर्मदाकाठचे ज्योतिषी एकामागून एक तिकडे जाऊन राहिले. पण ते आपापल्या नदीचं नाव विसरले नाहीत. ग्रंथाच्या शेवटी ते न चुकता लिहिलेलं सापडतं.

या गणकांचा धंदा कसा चालायचा, हे कळल्याशिवाय त्यांना अवाढव्य आकड्यांशी का झोंबावं लागलं ते उमगत नाही.

गावच्या जोशाचं काम पंचांग सांगण्याचं. पाडव्याला वर्षफळ, लग्नाला मुहूर्त, ग्रहणाला वेध. पण पंचांग तयार करणारा वेगळा. त्याला ग्रह आज कुठे आहे हे काढावं लागे. त्यासाठी आधी अहर्गण, म्हणजे एका ठरलेल्या आरंभदिवसापासून आजपर्यंत किती दिवस लोटले त्याची बेरीज. मग त्रैराशिक: एका महायुगातल्या इतक्या दिवसांत ग्रह इतक्या फेऱ्या मारतो, तर एवढ्या दिवसांत किती? कलियुगापासून मोजलं तर अहर्गण आज साडेअठरा लाखांच्या पुढे जातो. भास्कराचार्यांसारखं कल्पारंभापासून मोजलं तर तो बारा आकडी होतो, आणि चंद्राच्या कल्पातल्या ५७७५३३००००० फेऱ्यांनी त्याला गुणलं की धूळपाटीवर तेवीस आकड्यांची रांग उभी राहते. धूळपाटी म्हणजे धूळ पसरलेली फळी. आकडा काढायचा, पुसायचा, पुढचा काढायचा. मधे कुठे हातचा चुकला तर चूक शोधायला मागचं काही शिल्लक नसे.

यावर कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये नामी तोड काढली. त्यांच्या ‘ग्रहलाघवा’त ११ वर्षांचं एक चक्र धरलं आहे, ४०१६ दिवसांचं. उरलेले दिवस तेवढे अहर्गण म्हणून घ्यायचे, म्हणजे आकडा चार अंकांच्या वर जातच नाही. ज्या-कोटिज्यांनाही त्यांनी फाटा दिला. महाराष्ट्रातला पंचांगकर्ता पुढची साडेतीनशे वर्षं ‘ग्रहलाघवा’वर जगला, यात नवल नाही. धंदेवाल्याला मोठा आकडा नकोच असतो.

सिद्धांत लिहिणाऱ्याला तो टाळता येत नाही. ‘सूर्यसिद्धांता’त महायुगातले दिवस दिले आहेत १५७७९१७८२८. श्लोकात आकडे सरळ येत नाहीत. ८ साठी वसू, ७ साठी अद्री म्हणजे पर्वत, १ साठी रूप, १५ साठी तिथी, अशी नावं गुंफायची, आणि एकंच्या घरापासून सुरू करून डावीकडे जायचं. ऐकणाऱ्याला वाटावं पर्वत-तिथींचं वर्णन चाललं आहे. मांडून पाहावं तर दहा आकडी संख्या. रंगनाथांची ‘गूढार्थप्रकाशक’ टीका शके १५२५, म्हणजे १६०३ सालची. श्लोकाचा अर्थ सोडवायचा, मग त्यामागचं कारण सांगायचं, असा तिचा शिरस्ता आहे.

या दहा आकडी संख्येची घडण पाहण्यासारखी आहे. तिला ४ ने पूर्ण भाग जातो: ३९४४७९४५७. महायुगाची ४३२०००० वर्षंही ४ ने भागली की १०८०००० उरतात. आता या दोन संख्यांना भाग देणारी सामायिक संख्या १ शिवाय कोणतीच नाही. म्हणजे वर्षाची सुरुवात आणि दिवसाची सुरुवात पुन्हा तंतोतंत जुळायला दहा लाख ऐंशी हजार वर्षं लागतात, त्याआधी नाही. मंगळाच्या २२९६८३२ फेऱ्या, गुरूच्या ३६४२२०, शनीच्या १४६५६८, चंद्राच्या ५७७५३३३६, या सगळ्यांना ४ ने भाग जातो. म्हणून महायुगाच्या प्रत्येक पावात सगळे ग्रह एका रेषेत येतात. चंद्राच्या उच्चाच्या ४८८२०३ फेऱ्या आणि पाताच्या २३२२३८ यांना मात्र भाग जात नाही. ते दोघे पंगतीबाहेर राहतात. हे आकडे नुसते आकाशाकडे पाहून मिळालेले नाहीत. निरीक्षणाला जवळचा आणि वर ४ ने भाग जाणारा, असा आकडा कुणीतरी हिशेबाने निवडलेला आहे.

निवडीची किंमतही आहे. १५७७९१७८२८ ला ४३२०००० ने भागलं की वर्ष येतं ३६५ दिवस, ६ तास, १२ मिनिटं आणि साधारण ३६ सेकंदांचं. आजच्या मापाने नाक्षत्र वर्ष याहून जवळजवळ साडेतीन मिनिटांनी लहान आहे. साडेतीन मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण चार-सव्वाचार शतकांत त्यांचा एक पूर्ण दिवस होतो.

आता पुन्हा कृष्ण दैवज्ञांकडे. गणेश दैवज्ञांचा पुतण्या आणि शिष्य नृसिंह, नृसिंहाचे शिष्य विष्णू, विष्णूंचे शिष्य कृष्ण, अशी त्यांची गुरुपरंपरा. गणेशांनी भास्कराचार्यांच्याच ‘लीलावती’वर टीका लिहिली होती. म्हणजे कोकणातला ‘लीलावती’चा टीकाकार आणि वऱ्हाडातला ‘बीजगणिता’चा टीकाकार एकाच शाळेचे म्हणायचे. त्यांच्या आधी गोदाकाठच्या पार्थपूरच्या सूर्यदासांनी ‘बीजगणिता’वर १५३८ मध्ये टीका लिहिली होती. कृष्णांची टीका १६०० च्या सुमाराची. ‘बीजपल्लव’, ‘बीजांकुर’, ‘नवांकुर’ अशा नावांनी ती ओळखली जाते. जहांगीराच्या दरबारात त्यांना मान होता. श्रीपतीच्या जातकपद्धतीवरच्या टीकेत त्यांनी उदाहरणाला पत्रिका घेतली ती अब्दुर्रहीम खानखानानाची. ज्या दख्खन मोहिमेत वऱ्हाड मोगलांच्या हाती पडलं, त्या मोहिमेतला हा मोठा सरदार. पूर्वजांचं गाव ज्यांनी घेतलं त्यांच्यातल्याच एकाची कुंडली वऱ्हाडी माणूस काशीत बसून मांडतो आहे, हे चित्र मोठं मासलेवाईक आहे. त्या काळी कुणाला त्यात वावगं वाटलं असेल असं दिसत नाही.

‘बीजपल्लवा’ची खरी मातब्बरी वेगळ्या जागी आहे. दोन संख्यांच्या वर्गांच्या बेरजेत त्यांच्या गुणाकाराची दुप्पट मिळवली की त्यांच्या बेरजेचा वर्ग येतो, हे आज आठवीतला मुलगाही म्हणतो. कृष्ण विचारतात, हे उपपत्तीवाचून कसं मानायचं? चार उदाहरणांत तसं दिसतं म्हणून? मग त्याच न्यायाने दुसरा नियमही मानावा लागेल: दोन संख्यांच्या गुणाकाराची चौपट म्हणजे त्यांच्या बेरजेचा वर्ग. २ आणि २ घ्या. गुणाकार ४, चौपट १६. बेरीज ४, तिचा वर्ग १६. ३ आणि ३ घ्या. ९ ची चौपट ३६, ६ चा वर्ग ३६. जमलं की! उदाहरणांवर विसंबणाऱ्याला याला नाही म्हणता येत नाही. ३ आणि ५ घेतले की मात्र एकीकडे ६० आणि दुसरीकडे ६४. म्हणून नुसतं उदाहरण जुळणं कवडीमोलाचं, उपपत्ती हवी.

सतराव्या शतकाच्या तोंडावर लिहिलेला हा युक्तिवाद आजच्या वर्गातही फळ्यावर लिहावा असा आहे. ‘आपल्याकडे गणित होतं पण सिद्धता नव्हती’ हे वाक्य इंग्रजांनी रूढ केलं आणि आपण ते गिरवलं. ते म्हणणाऱ्यांनी टीकाग्रंथ उघडलेच नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

ऋणसंख्येबद्दलही त्यांचं म्हणणं असंच स्वच्छ आहे. ऋण म्हणजे उलटेपणा. तो जागेचा असेल, काळाचा असेल, वस्तूचा असेल. पूर्वेकडे जाणं धन धरलं तर पश्चिमेकडे जाणं ऋण. काशीच्या पूर्वेला पंधरा योजनांवर पाटणा आणि पश्चिमेला आठ योजनांवर प्रयाग, तर त्या दोघांमधलं अंतर काढताना पंधरातून ऋण आठ वजा करायचे, म्हणजे तेवीस. वजाची वजाबाकी म्हणजे बेरीज, हे त्यांनी यात्रेकरूंच्या रोजच्या वाटेवरून दाखवलं. युरोपातले गणिती त्या काळी ऋणसंख्यांना खोट्या म्हणून हिणवत होते.

६१ चं उत्तर भास्करांनी ज्या रीतीने काढलं तिला चक्रवाल म्हणतात. सुरुवात ८ पासून, कारण ८ चा वर्ग ६४ हा ६१ च्या जवळचा. जास्त आहेत ३. आता असा आकडा निवडायचा की ८ मध्ये मिळवून ३ ने भागला जावा आणि त्याचा वर्ग ६१ च्या आसपास असावा. ७ ठीक बसतो: ८ आणि ७ पंधरा, भागिले ३, पाच. एवढ्याने ५ आणि ३९ ही जोडी हाती लागते: ५ चा वर्ग २५, त्याला ६१ ने गुणून १५२५, ३९ चा वर्ग १५२१. कमी पडतात ४. हवा होता १ ने जास्त, आला ४ ने कमी. सामान्य माणूस इथे पाटी पुसून टाकेल.

पण ४ आले की गणित्याने खूश व्हावं, असं ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच सांगून ठेवलं होतं. अशा जोडीला स्वतःशीच एका ठरीव पद्धतीने गुणायचं. या क्रियेला भावना म्हणतात. दोनदा भावना केली की ३८०५ आणि २९७१८ मिळतात. ३८०५ चा वर्ग गुणिले ६१ म्हणजे ८८३१५९५२५, आणि २९७१८ चा वर्ग ८८३१५९५२४. फरक फक्त एकाचा, पण उलट्या बाजूचा. एक जास्त हवा होता, कमी आला. शेवटची एक भावना उरते. या दोन शेजारच्या संख्यांची बेरीज करायची: १७६६३१९०४९. आणि ३८०५ ला २९७१८ ने गुणून दुप्पट करायची: २२६१५३९८०. खेळ खलास. बावीस कोटींपर्यंत एकेक करून जायला आयुष्य पुरलं नसतं. इथे पाच-सहा पायऱ्यांत काम झालं.

पडताळा घ्यायची घरगुती रीत म्हणजे नवाचा ताळा. २२६१५३९८० च्या अंकांची बेरीज ३६, म्हणजे नवात शून्य. शून्याला ६१ ने गुणा की आणखी कशाने, शून्यच, त्यात १. दुसरीकडे १७६६३१९०४९ च्या अंकांची बेरीज ४६, मग १०, मग १. त्याचा वर्ग १. ताळा जमला. शेवटचे दोन अंकही पाहता येतात: ८० च्या वर्गाच्या शेवटी दोन शून्यं, एक मिळवला की ०१, आणि ४९ चा वर्ग २४०१. तेही जमलं. पण ताळा जमला म्हणजे उत्तर बरोबर असं ठरत नाही, तो फक्त चूक पकडतो. उदाहरण जुळणं आणि सिद्ध होणं यातला कृष्णांनी दाखवलेला फरक दुकानदाराच्या ताळ्यातही आहेच. खात्री हवी तर पूर्ण वर्ग मांडावा लागतो: ३११९८८२९८२८६०२६४४०१. एकोणीस आकडे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकं, दहं, शतं पासून स्थानांची नावं दिली आहेत ती अठरा, आणि अठरावं परार्ध. म्हणजे त्यांच्याच कोड्याच्या उत्तराचा वर्ग त्यांच्याच नावांच्या यादीत मावत नाही.

या जोडीचा आणखी एक गुण आहे. १७६६३१९०४९ ला २२६१५३९८० ने भागलं की ६१ चं वर्गमूळ मिळतं, आणि ते इतकं नेमकं की फरक दशांशचिन्हानंतर अठराव्या स्थळी जाऊन पडतो.

फ्रान्समधल्या पियेर द फर्माने १६५७ च्या फेब्रुवारीत फ्रेनिकलला पत्र लिहून हाच ६१ चा प्रश्न घातला. सोबत १०९ चाही. फार त्रास नको म्हणून लहान आकडे दिलेत, अशी मखलाशीही केली. इंग्लंडच्या ब्राउंकरने याची रीत शोधली. पुढे ऑयलरने चुकून जॉन पेल नावाच्या भलत्याच माणसाला श्रेय दिलं आणि समीकरण ‘पेल’चं झालं. फर्माचं पत्र गेलं तेव्हा भास्कराचार्यांच्या उत्तराला पाचशे वर्षं उलटली होती, आणि ‘बीजपल्लव’ लिहून होऊन अर्धशतक.

काशीत घराण्याची तिसरी पिढी मुनीश्वरांची. १६०३ चा जन्म, म्हणजे वडिलांची ‘सूर्यसिद्धांता’वरची टीका आणि हा मुलगा एकाच वर्षीचे. त्यांनी ‘लीलावती’वर ‘निसृष्टार्थदूती’ टीका लिहिली आणि १६४६ मध्ये ‘सिद्धांतसार्वभौम’. त्यांच्या समोर उभं ठाकलेलं घराणंही महाराष्ट्रातलंच, गोदाकाठच्या गोलग्रामचं. ‘सिद्धांततत्त्वविवेक’ लिहिणारे कमलाकर त्या घराण्यातले. दोघांचं हाडवैर. गोलग्रामच्याच विष्णूंकडे कृष्ण दैवज्ञ शिकले होते, पण पुढच्या पिढीने त्याची भीड ठेवली नाही. मराठी माणसं काशीला गेली तरी भाऊबंदकी बरोबर घेऊन गेली.

पुढे दीड-दोनशे वर्षं हे सगळं पोथ्यांत पडून राहिलं. मग हेन्री थॉमस कोलब्रुक आला. १७९९ ते १८०१ या काळात तो कंपनीचा वकील म्हणून नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी होता. इंग्रजांच्या कागदांत या भोसल्यांना ‘बेरारचे राजे’ म्हणत. त्याने १८१७ मध्ये लंडनला ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ इंग्रजीत आणलं, तेव्हा तळटिपांत पानोपानी कृष्णांच्या टीकेचा आधार घेतला. युरोपने भास्कराचार्य वाचले ते निम्मे कृष्ण दैवज्ञांच्या डोळ्यांनी.

रंगनाथांच्या टीकेचं नशीब त्याहून मजेशीर. ‘सूर्यसिद्धांत’ त्यांच्या टीकेसह कलकत्त्याला १८५९ मध्ये छापून निघाला. संपादक फिट्झएडवर्ड हॉल आणि मदतीला बापूदेव शास्त्री. बापूदेव नगर जिल्ह्यातल्या टोक्याच्या घराण्यातले. बीजगणित शिकले ते नागपुरात, ढुंढिराज मिश्रांकडे. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ‘सूर्यसिद्धांता’चं इंग्रजी भाषांतर आलं. ते करणारा एबेनेझर बर्जेस हा नगर-साताऱ्याकडचा अमेरिकन मिशनरी. त्याला खरं म्हणजे मराठी शाळांसाठी खगोलाचं पुस्तक लिहायचं होतं. ते लिहिताना इथल्या ज्योतिषाची माहिती हवी म्हणून तो ‘सूर्यसिद्धांता’त शिरला आणि त्यातच गुंतला. महायुगाच्या दिवसांना ४ ने भाग जातो आणि म्हणून पाव युगाचंही चक्र पुरं होतं, ही गोष्ट त्या भाषांतराच्या टिपांत मांडलेली सापडते.

कृष्णांची टीका मराठी मुलखात छापून निघायला १९३० साल उजाडलं. पुण्याच्या आनंदाश्रमाने आपल्या संस्कृत ग्रंथावलीत ‘नवांकुर’ या नावाने ‘बीजगणिता’सह ती प्रसिद्ध केली. एक गोष्ट मात्र तीत नव्हती, भास्कराचार्यांकडेही नव्हती. ६१ ला चक्र थांबलं, ६७ ला थांबलं. पण कोणताही आकडा घेतला तरी ते थांबेलच कशावरून? युरोपीय रीतीपुरती याची सिद्धता लाग्रांजने अठराव्या शतकात दिली. चक्रवालाची स्वतःची सिद्धता म्हैसूरकडचे गणिताचे प्राध्यापक ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी मांडली, कवी ए. के. रामानुजन यांचे वडील. त्यांचा लेख इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला तो १९२९-३० च्या अंकात, पुण्यात ‘नवांकुर’ छापून निघाला त्याच सुमारास.